छुप्या कॅमेऱ्याने गाण्याचा व्हिडिओ कसा काढायचा: स्त्रोमायचं 'फोर्मिदाब्ल' समोर ठेवून

आधी यूट्यूबवर जाऊन फ्रेंच पॉपवाल्या स्त्रोमाय या गायकाच्या 'फोर्मिदाब्ल' गाण्याचा व्हिडिओ बघून या, फ्रेंच येत नसेल तरी चालेल, एकदा आवाज लावून आणि एकदा म्यूट करून बघा. मग खालचं वाचा, नाहीतर अर्ध्या गोष्टी हवेत जातील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २२ मे २०१३, बुधवार, सकाळची ऑफिसला पळायची वेळ, ब्रसेल्समधला लुईझ हा ट्राम स्टॉप, पाऊस पडतोय आणि एक उंच, काटकुळा माणूस तर्र होऊन ट्रामच्या रुळांच्या आसपास झोकांड्या खातोय, येणाऱ्या जाणाऱ्याला काहीतरी बडबडतोय. हा माणूस म्हणजे स्त्रोमाय, खरं नाव पॉल व्हान हावेर. तीनेक वर्षांपूर्वीच त्याचं 'आलोर ऑं दांस' हे गाणं अख्ख्या युरोपात वाजून गेलेलं, त्यामुळे लोक त्याला ओळखत होते. साहजिकच फोन बाहेर निघाले, क्लिपा नेटवर गेल्या, बातम्या झाल्या की बघा एवढा मोठा गायक सकाळी सकाळी कुठल्या अवस्थेत सापडला. पाच दिवसांनी, २७ मेला, गाण्याचा अधिकृत व्हिडिओ आला आणि तेव्हा सगळ्यांना कळलं की कॅमेरे आधीपासून लपवून ठेवलेले होते आणि हा माणूस शुद्धीत राहून काम करत होता. दिग्दर्शक जेरोम गियो.

(आता कोणीतरी म्हणणारच की स्त्रोमाय बेल्जियमचा आहे, फ्रेंच कसला. बरोबर आहे, तो ब्रसेल्सचाच. पण गाणं फ्रेंचमध्ये आहे, फ्रान्समध्ये पण एक नंबरला गेलं, आणि फ्रेंच पॉपचा इतिहास बेल्जियन लोकांना वगळून लिहायचा म्हटलं तर बरीच पानं कोरी राहतील.)

हा व्हिडिओ बघितला की प्रत्येक होतकरू बँडला वाटतं की अरे हे तर सोप्पंय, सेट नाही, लाइट नाही, डान्सर नाहीत, दोन कॅमेरे लपवायचे आणि रस्त्यावर गोंधळ घालायचा. मग ते शूट करून आणतात आणि ते बघवत नाही, प्रँक व्हिडिओ वाटतो. माझं म्हणणं असं आहे की 'फोर्मिदाब्ल'ची खरी युक्ती कॅमेरा लपवण्यात नाहीच, ती गाणं लिहिलंय त्यात आहे. त्यामुळे सुरुवात कॅमेऱ्यापासून करायची नाही, गाण्यापासून करायची.

गाणं तपासून घ्या

'फोर्मिदाब्ल'मधला माणूस नुकताच सोडून दिला गेलाय, पिऊन रस्त्यावर आलाय. ध्रुवपदात तो जुनं आठवतो, ती कशी भारी होती, मी कसा दयनीय होतो, आपण दोघं कसे भारी होतो. पण कडव्यांमध्ये तो कोणाशी बोलतो ते बघा. एका कडव्यात रस्त्यावरून जाणाऱ्या बाईशी, घाबरू नका तुम्हाला छेडायला आलो नाहीये असं शपथेवर सांगतो. मग एका लग्न झालेल्या पुरुषावर घसरतो, बोटात अंगठी आहे म्हणून स्वतःला फार समजतोस का. मग एका लहान मुलाशी, आधी मुलगी समजून हाक मारतो आणि लगेच सॉरी म्हणतो. आणि शेवटी जे सगळे उभे राहून त्याच्याकडे बघतायत त्या सगळ्यांनाच माकडं म्हणून मोकळा होतो.

म्हणजे गाण्यातली पात्रं कोण आहेत? येणारे जाणारे लोक. ट्राम स्टॉपवर सकाळी साडेआठला ही सगळी पात्रं फुकट हजर असतात, बाई, नवरा, पोर, बघ्यांची गर्दी. कास्टिंग रस्त्यानेच करून दिलं. लोक त्याच्याकडे बघतात, टाळतात, फोन काढतात, आणि गाण्यात तो नेमकं त्याबद्दलच बोलतोय. म्हणून ते गाणं आणि ती जागा एकमेकांना चिकटून बसतात.

तुमच्या गाण्याला हीच परीक्षा लावा. कागद घ्या, गाण्याच्या प्रत्येक ओळीसमोर लिहा की ही ओळ कोणाला उद्देशून आहे. जर सगळ्या ओळी 'तू गेलीस आणि मी उरलो' छापाच्या असतील, म्हणजे ज्याच्याशी बोलायचंय ते माणूस तिथे नाहीच, तर रस्त्यावरच्या लोकांना त्या गाण्यात काही कामच नाही, ते नुसते बॅकग्राउंडला हलणारे पुतळे होतील. अशा गाण्यासाठी छुपा कॅमेरा वापरू नका. पण गाण्यात अनोळखी लोक असतील, भांडण असेल, भीक असेल, रांग असेल, काहीतरी विकणं असेल, हरवलेलं शोधणं असेल, तर जमेल.

आणि जमत नसेल तर रस्ता वापरायच्या दुसऱ्या तऱ्हा आहेत की. फ्रान्समध्येच १९९३ मध्ये दिग्दर्शक मिशेल गोंद्रीने गायक ज्याँ-फ्राँस्वा कोएनच्या 'ला तूर द पीझ' या गाण्याचा व्हिडिओ केला त्यात गाण्याचे शब्द दुकानांच्या पाट्यांवरून, रस्त्यावरच्या अक्षरांमधून जोडत जोडत दाखवलेत. गायकाला नाचायची, रडायची गरज नाही, सगळं काम पाट्या करतात. लाजाळू बँडने तिकडे जावं, खरंच सांगतो. स्त्रोमायने स्वतः पण प्रत्येक गाण्याला रस्ता नाही वापरला. त्याच 'रासीन कारे' अल्बममधल्या 'पापाउते'मध्ये बाप म्हणजे एक हलणारा-न हलणारा पुतळा आहे, सगळं रंगवलेलं, सजवलेलं, मोजून मापून केलेलं. 'तू ले मेम'मध्ये तो अर्धा बाई अर्धा पुरुष आहे आणि बाजू बदलली की प्रकाशाचा रंग बदलतो. गाणं काय मागतंय ते बघून त्याने पद्धत ठरवली, आधी पद्धत आवडली म्हणून गाणं तिच्यात कोंबलं नाही.

जागा आणि वेळ

लुईझ ही जागा का चांगली आहे ते समजून घ्या म्हणजे तुमची जागा शोधता येईल. खाली मेट्रो, वर ट्राम, आजूबाजूला महागड्या कपड्यांची दुकानं, न्यायालयाची ती अवाढव्य इमारत जवळच. म्हणजे चांगले कपडे घातलेले, घाईतले, कामाला निघालेले लोक. त्यांच्यात एक माणूस रात्रीची उतरलेली नसताना अडखळतोय, हा फरक आपोआप दिसतो, काही सांगावं लागत नाही. हेच दारूच्या गुत्त्यासमोर रात्री अकराला केलं असतं तर तो तिथल्या दहांपैकी एक झाला असता. पात्राच्या उलट जागा आणि पात्राच्या उलट वेळ घ्यायची.

दुसरं म्हणजे स्टॉपवर लोक थांबतात. चालत्या फुटपाथवर माणूस तीन सेकंदात फ्रेमबाहेर जातो आणि त्याचा चेहरा बदलताना दिसत नाही. स्टॉपवर तो दोन चार मिनिटं अडकलेला असतो, त्याला निघूनही जाता येत नाही आणि बघायचं पण नाहीये, तो फोनमध्ये डोकं घालतो, मग हळूच बघतो, मग शेजारच्याकडे बघतो. हे सोनं आहे. आणि मग ट्राम येते, सगळे जातात, नवी माणसं येतात, म्हणजे दर काही मिनिटांनी तुम्हाला कोरी पाटी मिळते आणि ज्यांनी आधीचा टेक बघितला ते गेलेले असतात.

जागा ठरली की त्याच वारी त्याच वेळेला आधी जाऊन या. उजेड कुठून येतो, गर्दी कधी फुटते, कुठल्या खिडकीतून, कॅफेतून स्टॉप दिसतो, सिक्युरिटी गार्ड कुठे उभा असतो, हॉर्न किती वाजतात, सगळं फोनवर रेकॉर्ड करून आणा. पाऊस आला तर कॅन्सल करू नका. पावसात लोक आडोशाला गोळा होतात, उजेड सगळीकडे सारखा पडतो, आणि छत्रीखाली कॅमेरा धरणारा माणूस अजिबात संशयास्पद वाटत नाही. 'फोर्मिदाब्ल' कोरड्या उन्हात शूट झाला असता तर निम्मा परिणाम गेला असता असं माझं मत आहे.

दारुड्याचं काम कसं करायचं

पहिला नियम, खरंच प्यायची नाही. एक पेग पण नाही, 'मूड यावा म्हणून' पण नाही. ट्राम, बस, गाड्या चालू असतात, तुमचा गायक शंभर टक्के शुद्धीत पाहिजे.

दुसरं, आपल्याकडे सिनेमातला दारुडा बघून बघून सगळे जीभ जड करून डुलत राहतात. खरा प्यायलेला माणूस काय करतो? तो आपण प्यायलेलो नाही हे दाखवायचा आटोकाट प्रयत्न करतो. सरळ चालायला जातो आणि जास्तच काळजीपूर्वक पाऊल टाकतो, समोरच्याने काही विचारलं तर उत्तर एक सेकंद उशिरा येतं, खिशातून काहीतरी काढायला दोनदा हात चुकतो, आणि सतत माफी मागतो. त्या गाण्यातला माणूस पण बघा, अर्धा वेळ सॉरी म्हणतोय, चूक सुधारतोय, मग परत बोलून बसतोय. तोल जाणं हे दहा टक्के, सावरणं नव्वद टक्के.

याचा सराव आधी घरात, मग सोसायटीच्या आवारात, मग ओळखीच्या रस्त्यावर करायचा आणि पूर्ण गाणं म्हणत करायचा. स्त्रोमायने त्याच सुमाराला 'स स्वार (उ जामे!)' या फ्रेंच टीव्हीवरच्या चर्चेच्या कार्यक्रमात पण हेच गाणं दारुड्याच्या अवतारात म्हटलं, तेही बघा, स्टुडिओत बसलेले लोक आहेत आणि हा त्यांच्यात अडखळत फिरतोय. पात्र इतकं अंगात मुरलेलं असल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका कारण रस्त्यावर कोणीतरी मध्येच हात धरतं, शिवी देतं, पाणी आणून देतं, आणि तेव्हा ओठ बंद पडले की टेक गेला.

कपडे साधेच पण लांबून ओळखू येतील असे. राखाडी गर्दीत राखाडी जॅकेट घातलं तर एडिटला बसल्यावर हिरो शोधत बसाल.

कॅमेरे

तीन पुरतात. जास्त असले तर ते लपवण्यातच सगळा जीव जातो.

एक लांबून, शक्यतो पहिल्या मजल्याच्या खिडकीतून किंवा रस्त्यापलीकडच्या कॅफेतून, ७०-२०० मिलिमीटरसारखी लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स लावून. हा तुमचा मुख्य कॅमेरा. लांब लेन्सने पुढची मागची माणसं एकमेकांजवळ दाटून येतात आणि मध्येच गाडी, छत्री, कोणाचं तरी डोकं आडवं जातं. ते आडवं जाणं काढून टाकायचं नाही, तेच तर बघणाऱ्याला सांगतं की हे चोरून बघितलेलं आहे.

दुसरा स्टॉपवरच, बसलेल्या माणसाच्या हातात फोन. मेसेज वाचतोय असा धरायचा. तिसरा फिरता, हा गर्दीतला बघ्या म्हणून वावरणार आणि याचं काम हिरोला शूट करणं नाहीच, याने फक्त लोकांचे चेहरे घ्यायचे. हा सगळ्यात दुर्लक्षित कॅमेरा असतो. सगळे आपले हिरोच्या मागे, आणि घरी आल्यावर कळतं की रिअॅक्शन एकही नाही.

सेटिंग सगळ्यांचं सारखं. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, कारण युरोपसारखीच आपल्याकडेही वीज ५० हर्ट्झची आहे आणि दुकानांच्या, स्टॉपच्या दिव्यांचा फ्लिकर, म्हणजे व्हिडिओत दिसणारी लुकलुक, त्यामुळे टळतो. व्हाइट बॅलन्स (चित्र पिवळट की निळसर दिसणार ते ठरवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, तिघांचा एकच आकडा ठरवून टाका. ऑटोफोकसमधलं चेहरा ओळखण्याचं फीचर बंद करा, नाहीतर समोरून जाणाऱ्या प्रत्येक काकूंवर फोकस उडी मारेल. लेन्सवाल्या कॅमेऱ्यावर अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, ५.६ किंवा ८ ठेवा, हिरो पुढेमागे हलणार आहे, मागचं सगळं ब्लर करण्याची हौस इथे नको. फोन एअरप्लेन मोडवर टाका, ऐन ध्रुवपदात आईचा कॉल येतो.

आणि बंद चालू करत बसायचं नाही, एकदा सुरू केलं की तासभर रोलिंग. १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, तासाला साधारण ४५ जीबी जातात, तीन कॅमेऱ्यांचे १३५, तेवढी कार्डं आणि पॉवर बँक आधीच जवळ ठेवा.

आवाज आणि लिपसिंक

लिपसिंक म्हणजे ओठ गाण्याशी जुळवणं, आणि इथे बहुतेक जण अडकतात. रस्त्यावर स्पीकर लावला की छुपं शूट संपलं. मग गायकाला गाणं ऐकू कसं येणार? एका कानात बारीक इअरफोन, वायर कॉलरखालून, टोपी किंवा केस वरून. ब्लूटूथवाला वापरला तरी चालतो पण गर्दीत मध्येच तुटतो, त्यामुळे वायर बरी. दुसरा कान कायम मोकळा, त्याने ट्रामची घंटा आणि हॉर्न ऐकायचे, यात तडजोड नाही.

गायकाने नुसते ओठ हलवायचे नाहीत, मोठ्याने म्हणायचं. एक तर गळ्याच्या शिरा हलताना दिसल्या पाहिजेत, आणि दुसरं म्हणजे आजूबाजूच्यांना संगीत ऐकूच येत नाही, त्यांना फक्त एक माणूस बेसूर ओरडत, मध्येच पुटपुटत, मध्येच आपल्याशी बोलत असलेला दिसतो. त्यांचा गोंधळ तिथूनच येतो. बघणाऱ्याला मात्र नंतर पूर्ण गाणं ऐकू येतं. एकच क्षण दोघांना वेगळा दिसतो, आणि व्हिडिओची सगळी गंमत यातच आहे.

इअरफोनमध्ये जी फाइल वाजवायची ती खास बनवून घ्या. सुरुवातीला चार टिक, मग पूर्ण गाणं, मग मिनिटभर शांतता, मग परत चार टिक आणि गाणं, असं लूपवर. त्या मिनिटभरात गायकाने पात्रातच राहायचं, बाकावर बसायचं, पाणी प्यायचं, कोणी बोललं तर बोलायचं. याच वेळात नेमकं काहीतरी चांगलं घडतं. शर्टाच्या आत कॉलर माइक आणि छोटा रेकॉर्डर लावून त्याचा आवाज वेगळा घ्या. नंतर टाइमलाइनवर हा आवाज स्टुडिओतल्या ट्रॅकशी जुळवला की लिपसिंक बसतं, आणि तिन्ही कॅमेरे याच आवाजाच्या वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, एकमेकांशी जुळतात. निघण्याआधी सगळे रेकॉर्डिंग चालू करून एकत्र एक टाळी वाजवून घ्या, तेवढ्याने एडिटरचे दोन तास वाचतात.

पोलीस, परवानगी आणि मर्यादा

'फोर्मिदाब्ल'मधला सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे पोलीस येतात तो. त्यांनी त्याला ओळखलं, आम्ही फॅन आहोत म्हणाले, घरी सोडू का म्हणून विचारलं. माणुसकीचा इतका साधा आणि खरा क्षण कुठल्याही पटकथेत लिहून जमला नसता. पण म्हणून आपण पोलीस यावेत असा प्लॅन करायचा नाही. तो स्त्रोमाय होता. तुम्हाला घरी सोडतीलच असं नाही, दुसरीकडे पण नेतील.

महाराष्ट्रात करणार असाल तर लक्षात ठेवा की १९४९ च्या दारूबंदी कायद्यात कलम ८५ आहे, सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत गैरवर्तन केलं तर त्याखाली कारवाई होते. तुम्ही प्यायलेले नाही हे तपासणीत सिद्ध होईलही, पण तोपर्यंत तुमची सकाळ चौकीत गेलेली असेल. त्यामुळे परवानगी काढा. सार्वजनिक जागांसाठी फिल्मसिटीची एक खिडकी व्यवस्था आहे, शिवाय स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा, आणि रेल्वे स्टेशन वगैरे तर परवानगीशिवाय विचारही करू नका. काहींना वाटतं की परवानगी घेतली की मजा गेली. अजिबात नाही, परवानगी अधिकाऱ्यांकडून घ्यायचीय, स्टॉपवरच्या लोकांना ती माहीत नसते, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक पडत नाही. पत्राची प्रिंट टीममधल्या एकाच्या खिशात ठेवा, आणि हाच माणूस सतत गायकापासून हातभर अंतरावर राहील, सावलीसारखा. गायक रुळाकडे, रस्त्याकडे जास्त झुकला की याने ओढायचं. एक खुणेचा शब्द ठरवा, तो उच्चारला की सगळं थांबतं.

लोकांशी कसं वागायचं याबद्दल मी जरा कडक आहे. कोणाला हात लावायचा नाही. कोणाच्या मागे चालत जायचं नाही. गाण्यात बाईला उद्देशून ओळ असेल तर रस्त्यावर एकट्या उभ्या असलेल्या अनोळखी बाईसमोर जाऊन ती म्हणायची नाही, तिच्यासाठी तो व्हिडिओ नाहीये, तो खरा दारुडा आहे आणि ती खरंच घाबरलीय. तसल्या ओळींना आपल्याच टीममधली मैत्रीण स्टॉपवर उभी करा, किंवा ओळ हवेत म्हणा. लहान मुलांचं तर नावच नको. 'फोर्मिदाब्ल' आणि प्रँक यातला फरक मला इथेच दिसतो. प्रँकमध्ये हसं त्या अनोळखी माणसाचं होतं, इथे ज्याचं हसं होतंय तो गायक स्वतःच आहे, बाकीचे फक्त बघतायत आणि आपण त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं हा प्रश्न आपल्यालाच पडतो.

शूट संपलं की चौथा पाचवा माणूस लगेच संमतीचा फॉर्म घेऊन पळाला पाहिजे. ज्यांचे चेहरे ओळखू येतील असे क्लोजमध्ये आलेत त्यांना गाठा, काय चाललं होतं ते सांगा, सही घ्या. नाही म्हणाले तर नाही, हसून थँक्यू म्हणा आणि त्यांचा शॉट काढा किंवा चेहरा ब्लर करा. युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तर हे नक्कीच करा, फ्रान्स आणि बेल्जियममध्ये स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क फार गांभीर्याने घेतात. ट्राममध्ये चढून गेलेला माणूस गेला, त्याला शोधत बसता येत नाही, त्यामुळे त्याचा क्लोजअप कितीही भारी असला तरी वापरू नका, लांबचा किंवा पाठमोरा घ्या.

एडिट

एडिटला बसलात की पहिला मोह होतो तो म्हणजे भराभर कट मारायचा, तीन कॅमेऱ्यांचं तासभर फुटेज आहे ना. करू नका. चोरून बघणारा माणूस डोळे मिचकावत नाही, तो टक लावून बघतो. मुख्य कॅमेऱ्याचा एक चांगला टेक पाठीचा कणा म्हणून टाकून ठेवा, आणि फक्त तेव्हाच दुसरीकडे जा जेव्हा दुसरीकडे काहीतरी बदलतंय, कोणाची मान वळतेय, कोणी फोन काढतंय, कोणी काढलेला फोन लाजून परत ठेवतंय. वेगवेगळ्या टेकमधले तुकडे जोडताना मागची गर्दी बघा, आत्ता होती ती लाल छत्री पुढच्या कटला गायब झाली की लोकांचा विश्वास उडतो.

आणि गाण्याच्या लांबीत स्वतःला कोंडून घेऊ नका. 'फोर्मिदाब्ल' गाणं साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे, व्हिडिओ पाच मिनिटांच्या वर जातो. जास्तीच्या वेळात रस्ता ऐकू येतो, ट्राम, पाऊस, पोलिसांशी बोलणं. संगीत नसलेला हा भाग आहे म्हणून संगीत सुरू असताना आपल्याला सतत जाणवतं की हे गाणं फक्त आपल्याला ऐकू येतंय, तिथल्यांना नाही. म्हणून सुरुवातीला निदान वीस तीस सेकंद नुसता रस्ता ठेवा. गाण्याखाली पण रस्त्याचा आवाज पूर्ण बंद करू नका, अगदी हलका राहू द्या. कलर करताना पण हात आखडता, सिनेमासारखा निळा नारिंगी रंग चढवला की सगळं खोटं वाटायला लागतं.

रिलीज

स्त्रोमायच्या टीमने पाच दिवस तोंड उघडलं नाही. लोक काळजी करतायत, टिंगल करतायत, बातम्या येतायत, आणि हे गप्प. मग व्हिडिओ आला आणि ज्यांनी ज्यांनी ती हलती डुलती फोनवरची क्लिप पाहिली होती ते सगळे आपोआप व्हिडिओ बघायला आले, आणि बघताना जरा ओशाळले पण असणार. व्हिडिओच्या पूर्ण नावात 'हा धडा नाही' असं एक शेपूट आहे, कारण गाणी कशी बनतात ते दाखवणारे 'धडे' तो आधीपासून नेटवर टाकत होता, वर बेल्जियन चित्रकार माग्रितच्या 'हा पाइप नाही' असं लिहिलेल्या पाइपच्या चित्राला पण सलाम. आणि आपण इथे त्यावरूनच धडा काढत बसलोय, असो.

हे तुमच्या बाबतीत होणार नाही, आधीच सांगून ठेवतो. अनोळखी गायक रस्त्यावर पडला तर कोणी क्लिप व्हायरल करत नाही, लोक बाजूने निघून जातात. शिवाय आता २०१३ राहिलं नाही, आता कोणी असं काही केलं की कमेंटमध्ये पहिलाच माणूस लिहितो की पब्लिसिटी स्टंट आहे किंवा एआयने बनवलंय. त्यामुळे अफवेवर प्लॅन बांधू नका, आणि स्वतःच खोट्या अकाउंटवरून 'बघा हा गायक दारू पिऊन' असलं काही पसरवायचं तर मुळीच नाही, ते चिकटलं की निघत नाही. लोक बाजूने निघून जातात हीच गोष्ट उलट वापरा. तुमच्या व्हिडिओत कोणीच थांबलं नाही, कोणीच फोन काढला नाही, तर तो वेगळा आणि कदाचित जास्त बोचरा व्हिडिओ आहे, फक्त गाणं तसं हवं. शूट झाल्यावर फुटेज काय सांगतंय ते बघा, आणि तुम्ही मनात ठरवून गेलेली गोष्ट त्याच्यावर लादू नका.

टाकताना वर्णनात स्पष्ट लिहा की गायकाने मद्यपान केलेलं नव्हतं, परवानगी घेतलेली होती, आणि ज्यांचे चेहरे दिसतात त्यांनी होकार दिलाय. थंबनेलला दारुड्याचा चेहरा लावू नका, स्टॉपवर उभ्या असलेल्या होकारवाल्या लोकांपैकी कोणाचा तरी लावा, तो जो डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतोय त्याचा.